तपास दोघांचा, पण लव्ह स्टोरी नाही: अशी जोडी लिहायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा भागांची क्राइम सिरीज लिहिताय, पंचेचाळिशीचा इन्स्पेक्टर आणि बत्तीस वर्षांची सबइन्स्पेक्टर, दोघांत फक्त कामातली दोस्ती ठेवायचीय, आणि निर्माते म्हणतायत की सहाव्या भागापर्यंत 'काहीतरी होऊ द्या' नाहीतर कोरडं वाटेल. सातव्या भागात तिला गोळी लागते आणि तो रात्रभर हॉस्पिटलात तिचा हात धरून बसतो, तो सीनही तुम्ही पाठवलाय. त्या सीनवर शेवटी येते.

मी अठरा वर्षं क्राइमच लिहितेय आणि 'काहीतरी होऊ द्या' हे वाक्य इतक्या मीटिंगांमध्ये ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळतं. खाली बऱ्याच सिरीजचे शेवट सांगून टाकलेत, ज्यांना चालत नाही त्यांनी इथेच थांबा.

आधी निर्मात्यांची बाजू घेते, कारण माणसं मूर्ख नाहीयेत. केस सुटते आणि संपते, पण प्रेक्षक पुढच्या आठवड्यात परत येतो तो त्या दोघांसाठी. 'यांचं जमणार की नाही' हे इंजिन फुकटात मिळतं, लेखकाला काही करावं लागत नाही, दोन बरी दिसणारी माणसं एका गाडीत बसवली की ते आपोआप सुरू होतं. तुम्ही ते इंजिन काढताय, ठीक आहे, पण त्या जागी काय बसवलंय? तुमचा वन-लाइनर, म्हणजे भागांचा थोडक्यात आराखडा वाचला, त्यात काहीच बसवलेलं नाहीये. दोघं एकमेकांचा आदर करतात, एवढंच. आदरावर दहा भाग चालत नाहीत हो. त्यामुळे निर्मात्यांना जे खटकतंय ते बरोबर खटकतंय, फक्त त्यावरचं औषध ते चुकीचं सांगतायत.

आता मीटिंगमध्ये कोणीतरी 'मूनलायटिंग'चं नाव काढेलच, म्हणून ते आधी निपटवू. १९८५ ते १९८९, सिबिल शेफर्ड आणि ब्रूस विलिस, डिटेक्टिव्ह एजन्सी, सतत तू-तू मैं-मैं. ३१ मार्च १९८७ च्या भागात दोघं शेवटी एकत्र आले, आणि त्यानंतर मालिका घसरली, म्हणून तेव्हापासून सगळी इंडस्ट्री मानते की जोडी जुळवली की मालिका मेली. याला 'मूनलायटिंगचा शाप' असं नावसुद्धा पडलं. पण तेव्हा अजून काय काय चाललं होतं ते बघा ना. शेफर्डला जुळी होणार होती, विलिस 'डाय हार्ड'च्या शूटिंगमध्ये, त्यामुळे पुढच्या सीझनमध्ये दोघं एका फ्रेममध्ये मिळणंच मुश्किल, भाग वेळेवर तयार होत नव्हते, मालिका निर्माण करणारे ग्लेन गॉर्डन कॅरॉन सोडून गेले, आणि १९८८ ला लेखकांचा पाच महिन्यांचा संप. एवढं झाल्यावर कुठली मालिका टिकली असती! चुंबनाने काही बिघडलं नव्हतं, दोघं समोरासमोरच येईनात त्याने बिघडलं. आणि शाप खरा मानायचा तर 'बोन्स'चं काय? सहाव्या सीझनच्या शेवटी एफबीआय एजंट बूथ आणि हाडांची तज्ज्ञ ब्रेनन एकत्र, आणि त्यानंतर अजून सहा सीझन व्यवस्थित चालली.

हे सांगतेय कारण 'प्रेम दाखवलं तर मालिका पडेल' असं म्हणून निर्मात्यांशी भांडू नका. ते 'बोन्स'चं नाव घेतील आणि तुम्ही गप्प. तुमचा मुद्दा वेगळा पाहिजे: या दोघांकडे त्याहून चांगली गोष्ट आहे.

'बोन्स'वरून दोन उदाहरणांची एक जोडी आठवली, ती मला फार आवडते. ब्रेनन करणारी एमिली डेशॅनेल खरोखर गरोदर राहिली तेव्हा लेखकांनी ते कथेत घेतलं, ब्रेनन बूथच्या मुलाची आई होणार, झालं, जोडपं तयार. अगदी हीच अडचण त्याआधी 'लॉ अँड ऑर्डर: क्रिमिनल इंटेंट'च्या लेखकांना आली होती. कॅथरीन अर्ब गरोदर, आणि तिची डिटेक्टिव्ह ईम्स ही गोरेनची पार्टनर, दोघांत लव्ह ट्रॅकचा प्रश्नच नाही. मग त्यांनी काय केलं, तर ईम्स आपल्या बहिणीसाठी सरोगेट झालीय असं दाखवलं! प्रसंग एकच, पोट तेवढंच, आणि दोन टीमची दोन उत्तरं. एकाने जोडीचं नातं बदललं, दुसऱ्याने त्या बाईला स्वतःचं घर, स्वतःची बहीण, स्वतःचा निर्णय दिला ज्याच्याशी पार्टनरचा काडीचा संबंध नाही. माझ्यासाठी सगळी शिकवणी यात आहे. प्लॅटॉनिक, म्हणजे प्रेमप्रकरण नसलेली जोडी तेव्हाच उभी राहते जेव्हा दोघांचीही आयुष्यं एकमेकांच्या बाहेर भरलेली असतात. रिकाम्या माणसांना प्रेक्षक एकमेकांनीच भरणार, त्याला दुसरं कोणी दिसतच नाही ना.

पण इथे एक खड्डा आहे आणि तुम्ही त्यात पडलाय. तुम्ही इन्स्पेक्टरला बायको दिलीय, आणि ती बायको तीन सीनमध्ये फक्त दार उघडते आणि 'आज पण उशीर' म्हणते. ती माणूस नाहीये, ती कुंपण आहे. आणि कुंपण घातलं की बघणाऱ्याला वाटतंच की पलीकडे काहीतरी आहे. लग्न, वय, हुद्दा, यातलं काहीही नुसता अडथळा म्हणून ठेवलं की उलट परिणाम होतो, कारण अडथळा हे लव्ह स्टोरीचंच सामान आहे. तोच फरक भांडणाचा विषय केला तर मात्र काम होतं. बीबीसीची 'इन्स्पेक्टर लिनली मिस्ट्रीज' बघा, लिनली खानदानी उमराव आणि हेव्हर्स कामगार घरातली सार्जंट. तिथे वर्गाचा फरक दोघांना लांब ठेवायला घातलेला नाही, तो तपासातच घुसतो, एकाच साक्षीदाराकडे दोघं दोन वेगळ्या डोळ्यांनी बघतात आणि दोघांनाही दुसऱ्याचं बघणं टोचतं. 'व्हेरा'मध्ये तर वयाचा आणि हुद्द्याचा फरक एवढा मोठा आणि व्हेरा झालेली ब्रेंडा ब्लेथिन एवढी आडमुठी की तो प्रश्न कोणी विचारतच नाही, आपण फक्त बघत बसतो की आज ही बाई त्या बिचाऱ्या सार्जंटला घरी कधी सोडणार.

बरं, मग इंजिन कुठलं? माझा अनुभव असा की 'जमणार का'च्या जागी 'विश्वास ठेवता येईल का' बसवायचं, आणि ते खरंखुरं धोक्यात घालायचं. बोलण्यातून नाही, केसमधून. स्वीडन-डेन्मार्कची 'द ब्रिज' (२०११) घ्या. सागा नोरेन, मालमोची पोलीस, जिला खोटं बोलता येत नाही, आणि मार्टिन रोडे, कोपनहेगनचा, गप्पिष्ट, मऊ, बायकोला फसवणारा. पुलाच्या बरोब्बर मध्यावर प्रेत, अर्धं एका देशात अर्धं दुसऱ्या, म्हणून दोघं एकत्र. पहिल्या सीझनच्या शेवटी मार्टिनने खुन्यावर पिस्तूल रोखलंय आणि त्याला एकच जाणून घ्यायचंय, माझा मुलगा जिवंत आहे का. मुलगा मेलाय. आणि सागा, जी दहा भागांत साधं 'छान झालंय जेवण' असं खोटं बोलत नाही, ती त्याला वाचवायला म्हणते की जिवंत आहे. तिला ते जमत नाही. तिच्या तोंडावरूनच त्याला कळतं. तिने खोटं बोललं हाच पुरावा ठरतो की पोरगा गेला. आता मला सांगा, कुठलं 'आय लव्ह यू' याच्या जवळपास पोचेल?

आणि दुसऱ्या सीझनच्या शेवटी तीच सागा त्याला पकडून देते, कारण तिला कळतं की त्या खुन्याला तुरुंगात विष देऊन मारण्यामागे मार्टिन आहे. तिचा एकुलता एक मित्र. ब्रेकअपचा सीन मी आयुष्यात पन्नास लिहिले असतील, पण त्या शेवटाइतकं पोटात काही गेलं नाही. हे कसं जमलं, तर वीस भाग त्यांनी एकच गोष्ट पेरली, ती नियम मोडत नाही आणि तो मोडतो, आणि दोघांना एकमेकांची ही गोष्टच आवडते. ज्या गोष्टीमुळे जवळ आले त्याच गोष्टीने तुटले.

तुमच्या जोडीत अशी एक गोष्ट शोधा. फार नको, एकच.

'एलिमेंटरी', म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमधला शेरलॉक होम्स, त्याचं उदाहरण थोडं वेगळ्या कारणासाठी. २०१२ ला जाहीर झालं की वॉटसन बाई असणार, लूसी लू, तेव्हा लोकांनी कपाळावर हात मारला की झालं, आता शेरलॉकचं लग्न लावणार. मालिका निर्माण करणाऱ्या रॉबर्ट डोहर्टींनी सुरुवातीपासून सांगितलं होतं की नाही, आणि सात सीझन, १५४ भाग, तो शब्द पाळला. पण पाळला कसा ते महत्त्वाचं. त्यांनी नात्याला सतत नवं काम दिलं. आधी ती व्यसनातून उठलेल्या माणसावर लक्ष ठेवायला सहा आठवड्यांसाठी नेमलेली, पगार त्याचा बाप देतो. मग करार संपतो आणि ती पगाराशिवाय थांबते आणि हे त्याच्यापासून लपवते. मग शिकाऊ. मग पार्टनर. मग घर सोडून जाते, तो कोणालातरी नवीन शिकवायला घेऊन येतो आणि हिला ते लागतं. दर सीझनला करार नवा. लग्नाच्या गोष्टीत जेवढी वळणं असतात ना, सगळी आहेत, भेट, रुसवा, वेगळं राहणं, परत येणं, फक्त लग्न नाही. आणि दोघांना बाहेर प्रेमप्रकरणं आहेत, नीट लिहिलेली, म्हणजे ही माणसं कोरडी नाहीत हेही कळतं.

पहिल्या सीझनचा शेवट बघा वेळ मिळाला तर. दोघं गच्चीवर, मधमाश्यांच्या पेटीसमोर. नवीन जातीची माशी जन्माला येतेय आणि त्याने त्या जातीला तिचं नाव दिलंय, युग्लासिया वॉटसोनिया. आभार नाही, मिठी नाही, त्याच्या भाषेत जेवढा मोठा मान देता येतो तेवढा दिला आणि दोघं पेटीकडे बघत बसले. हे लिहिणाऱ्याला माहिती होतं की हा माणूस माया कशातून दाखवतो. तुमचा इन्स्पेक्टर कशातून दाखवतो? मला तुमच्या ड्राफ्टमधून कळलं नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही माहिती नाही अजून, म्हणूनच हात धरायला लावलाय.

एक धोका मात्र 'एलिमेंटरी'च्या निमित्ताने सांगून ठेवते. पुरुष विक्षिप्त हुशार आणि बाई त्याला सांभाळणारी, हा साचा प्लॅटॉनिक जोड्यांमध्ये फार. जंतूंना घाबरणाऱ्या डिटेक्टिव्हची 'मंक' मला मनापासून आवडते, पण त्याच्या मदतनीस शॅरोना काय आणि नॅटली काय, रुमाल पुढे करण्यात त्यांचा किती वेळ जातो. रोमान्स काढला आणि आयागिरी घातली तर काय मिळवलं? 'एलिमेंटरी'ने सांभाळणं हीच तिची नोकरी असं उघडपणे ठेवून सुरुवात केली आणि मग तिला त्यातून बाहेर काढलं, 'द ब्रिज'ने साचाच उलटा केला. तुमच्याकडे सबइन्स्पेक्टर चार वेळा त्याला औषधाची आठवण करते. तीन उडवा. खरं तर चारही.

दुसरा धोका म्हणजे 'मी तुला भावासारखा मानते' छापाचा डायलॉग. कृपा करून नको. ज्या क्षणी पात्र आपलं नातं समजावून सांगायला लागतं त्या क्षणी प्रेक्षकाला संशय येतो, अरे, विचारलं कोणी होतं?

भांडणाशिवायही जमतं हे सांगायला 'अनफरगॉटन' (२०१५ पासून). कॅसी आणि सनी, निकोला वॉकर आणि संजीव भास्कर, जुन्या बंद केसेस. ही दोघं एकमेकांवर ओरडत नाहीत, चढाओढ नाही, दोघं थकलेली, दोघांची घरं अडचणीत, आणि दोघंही मेलेल्या माणसाबद्दल हळवी. एवढंच. लेखक ख्रिस लँग यांनी चौथ्या सीझनच्या शेवटी, २०२१ ला, कॅसीला मारलं, आणि सनीचं ते कोसळणं बघताना कोणाच्या मनात आलं नाही की 'यांचं जमलं असतं तर'. सहकारी गेल्याचं दुःख हे पूर्ण दुःख असतं, त्याला प्रेमाची फोडणी लागत नाही. नवीन लेखकांना मी हा मार्ग लगेच सुचवत नाही कारण तो अवघड आहे, दोन चांगल्या माणसांमध्ये सीन उभा करायला हात बसलेला लागतो.

तुमच्या जोडीला जवळची 'ब्रॉडचर्च' (२०१३ ते २०१७). एली मिलरला जी पोस्ट मिळणार होती ती सुट्टीवरून परत येते तर ॲलेक हार्डीला दिलेली. पहिल्याच दिवशी हक्काचं काहीतरी हिसकावलं गेलं, आता आठ भाग पुरेल एवढी चीड हातात. हार्डी तिला नावाने हाक मारत नाही, 'मिलर'च. ती त्याला घरी जेवायला बोलावते तर हा बाबा वाइन, फुलं आणि चॉकलेट तिन्ही घेऊन येतो, कारण यातलं काय न्यायचं असतं हे त्याला माहिती नाही. बघा हं, फुलं आणि चॉकलेट, प्रेमकथेतलं सगळं सामान, आणि सीन पूर्ण हास्यास्पद अवघडलेपणाचा, नवरा शेजारी बसलाय. आणि मग सीझनच्या शेवटी त्याच घरातला तोच नवरा खुनी निघतो आणि हे तिला सांगायचं काम हार्डीवर येतं. तिचं घर मोडणारं वाक्य बोलायला दुसरं कोणी नाही. म्हणजे तो नवरा कुंपण नव्हताच, तो केस होता! तुमच्या त्या दार उघडणाऱ्या बायकोकडे आता परत एकदा बघा.

आता कागदाबाहेरची गोष्ट, कारण तुम्ही कितीही नीट लिहा, रोमान्स एडिटमध्ये घुसतो. माझ्या एका सिरीजमध्ये पाळतीचा सीन होता, रात्र, गाडी, ती झोपते, तो रेडिओचा आवाज कमी करतो. मी लिहिताना एवढंच डोक्यात होतं की दोघं आळीपाळीने झोपतात, सवयीचं झालंय. एडिटला गेल्यावर बघते तर रेडिओनंतर त्याचा क्लोज, मग तिचा क्लोज, मग परत त्याचा, आणि खाली पियानो. संपलं. चॅनलवरून फोन, काय केमिस्ट्री आहे, पुढच्या तीन भागांत वाढवा. मी खूप वाद घातला, शेवटी दिग्दर्शकाने बिचाऱ्याने ऐकलं, पियानो काढला, दुसरा क्लोज काढून लांबचा, दोघं एकत्र दिसणारा टू-शॉट ठेवला, आणि आम्ही एक छोटी गोष्ट परत शूट केली: रेडिओ कमी केल्यावर तो डॅशबोर्डवरचं तिच्या वाटणीचं सँडविच उचलतो, तिच्याकडे एकदा बघतो, आणि खाऊन टाकतो. सीन तोच, रात्र तीच, आणि नातं एकदम भलतंच. त्यानंतर मी अशा सीनमध्ये कोणीतरी कोणाचं काहीतरी ढापतं असं स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवते, म्हणजे एडिटरला कापता येत नाही.

मराठीत लिहिताय म्हणून अजून एक, 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी यायचं ते ठरवून ठेवा आणि भावुक सीनमध्ये अजिबात येऊ नका. आमच्या प्रेक्षकाचा कान त्या एका अक्षरावर टपलेला असतो. आणायचंच असेल तर कचाकचा भांडताना आणा, रागाच्या भरात तिच्या तोंडून 'तू' निघून जाऊ दे आणि पुढे कोणी त्यावर बोलू नये.

आणि एवढं करूनही लोक जोडी लावतीलच, त्याचा त्रास करून घेऊ नका. 'शिप' करणं हा शब्दच 'एक्स-फाइल्स'च्या चाहत्यांमधून वर आला, त्यातल्या मल्डर आणि स्कली या एफबीआय जोडीवरून, आणि त्यांच्यातच दुसरा गट होता ज्यांना रोमान्स नको होता. मालिका निर्माण करणारे ख्रिस कार्टर यांना सुरुवातीला त्यांचं जमवायचं नव्हतं, शेवटी जमलंच. लोकांनी शिप करणं हा त्यांचा हक्क, फक्त त्यांच्या दबावाखाली शेवट बदलू नका. अमेरिकन 'द किलिंग'ने २०१४ ला शेवटच्या प्रसंगात डिटेक्टिव्ह लिंडन आणि तिचा पार्टनर होल्डर एकत्र येतील असं सुचवलं, आणि मला अजून वाटतं की चार सीझन दोघांनी कमावलेलं काहीतरी तिथे स्वस्तात गेलं. यावर माझं माझ्या जवळच्या मैत्रिणीशी भांडण आहे, तिला तो शेवट गोड वाटतो. असो.

निर्मात्यांना काय सांगायचं: सहाव्या भागात काहीतरी होऊ द्याच. त्याने तिच्यापासून काहीतरी लपवलंय हे तिला कळू दे, केसमधलं, आणि तिने वरिष्ठांना सांगायचं की नाही ते ठरवायला एक रात्र असू दे. त्यांना हुक पाहिजे, हुक मिळाला.

आता तो हॉस्पिटलचा सीन. सहाव्याच्या शेवटी ती सांगायचं ठरवते, सातव्याच्या सुरुवातीला सांगायच्या आधीच गोळी लागते, म्हणजे तो आता अशा बाईच्या खाटेशेजारी बसलाय जी शुद्धीवर आली की त्याची नोकरी घालवू शकते. हात काढून घ्या. त्याच्या मांडीवर तिची केस डायरी द्या, चार दिवसांच्या नोंदी राहिल्यात आणि उद्या फाइल कोर्टात जायचीय. तो रात्रभर तिच्या नोंदी पूर्ण करतोय, तिच्यासारखं लिहायचा प्रयत्न करत, आणि जे त्याने लपवलं होतं ते त्यात स्वतःच्या हाताने लिहितोय. पहाटे ती डोळे उघडते, काही विचारत नाही, हाताने खूण करते की दाखवा. वाचते. तो खिडकीकडे बघतोय. बराच वेळ काही नाही, मॉनिटरचा आवाज फक्त. मग ती डायरी परत त्याच्याकडे सरकवते.

"सर, मंगळवारची तारीख चुकलीय."